विश्लेषण : ‘शहादा’ शोधले की नंदुरबार का सापडत नाही? छोट्या मराठी संकेतस्थळांची गूगलशी रोजची झटापट

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबार शहराच्या कडेच्या पथाऱ्या लाल होतात. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढू लागते आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सकाळीच एक शोध घेतला जातो : ‘नंदुरबार मिरची भाव आज’. उत्तरात वर येणाऱ्या पानांच्या मथळ्यात ‘आज’ हा शब्द हमखास असतो. आत उघडून पाहिले तर तक्ता कधी चार दिवसांपूर्वीचा, कधी मागच्या महिन्याचा. देशातील प्रत्येक बाजार समितीसाठी एकाच साच्यातून काढलेली ही पाने. लिलावाच्या ठिकाणी उभे राहून भाव टिपून घेणाऱ्या माणसाचे पान त्याच यादीत बरेच खाली असते.

असे भाव टिपणारा एक जण माझा वर्गमित्र आहे. अभियांत्रिकीनंतर मी पत्रकारितेत आलो, तो शहाद्याला परतला. दिवसा दुकान आणि रात्री एक छोटे संकेतस्थळ, असा त्याचा दिनक्रम. बाजारभाव, एसटीच्या वेळा, दाखल्यांची कागदपत्रे, सारंगखेड्याच्या यात्रेच्या तारखा असे सगळे तेथे असते. अशा माणसाला वेबमास्तर म्हणतात, हे त्याने घरी सांगितले तेव्हा आईने विचारले, ‘‘मास्तर झालास ते ठीक, पण शाळा कोणती?’’

गेल्या महिन्यात त्याच्यासोबत चार रात्री बसून त्याची शोधयंत्राशी चाललेली झटापट पाहिली. त्यातून जे कळले ते केवळ त्याच्यापुरते नाही. खरी माहिती आणि ती शोधणारा माणूस एकाच तालुक्यात असूनही त्यांची गाठ का पडत नाही, हा त्यामागचा प्रश्न आहे.

शोधयंत्र नेमके काय करते?

थोडक्यात सांगायचे तर तीन कामे. त्याचे स्वयंचलित प्रोग्राम दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने वाचतात, याला क्रॉलिंग म्हणतात. वाचलेल्यांपैकी जी पाने ठेवण्याजोगी वाटतात ती सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये जातात. आणि कोणी काही शोधले की त्या सूचीतून पाने निवडून क्रमाने दाखवली जातात. हा क्रम आपल्या बाजूने यावा यासाठी वेबमास्तर जे काही करतो ते सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, अर्थात एसईओ.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. आपण शोध घेतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नाही, स्वतःच्या सूचीत पाहते. म्हणून माझ्या मित्राने सकाळी नऊला टाकलेला भाव नऊ वाजून पाच मिनिटांनी कोणालाच सापडत नाही.

नावातच घोळ कसा?

रोमन लिपीत ‘शहादा’ असे टाइप करून पाहा. समोर येतात ते बहुतांश इस्लाममधील श्रद्धेच्या ग्वाहीविषयीचे लेख, कारण तिचेही नाव शहादाच. जगभरातील विद्यापीठे, ज्ञानकोश आणि धार्मिक संस्था यांची पाने एका बाजूला आणि सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव दुसऱ्या बाजूला. मित्राच्या पानांवर मध्येच दिल्लीहून लोक येतात आणि दोन सेकंदांत निघून जातात. त्यांना शाहदरा हवे असते.

तळोद्याची तीच गत. एक अक्षर चुकले की नवी मुंबईचे तळोजा, आणि मग तेथील कारागृहाच्या बातम्या. प्रकाशा हे तापी-गोमाईच्या संगमावरचे तीर्थक्षेत्र, पण रोमन लिपीत तो ‘प्रकाश’ या अर्थाचा संस्कृत शब्दही ठरतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी पाहायला दरवर्षी दूरदूरचे लोक येतात. मात्र रोमनमध्ये नुसते ‘काठी’ टाकले की कोलकात्याच्या काठी रोलची पाककृती पुढे येते. त्यातही अक्राणी आणि धडगाव यांचा गोंधळ. तालुक्याचे नाव अक्राणी, मुख्यालय धडगाव. सरकारी कागदावर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरे. दोन्ही लिहिले नाही तर निम्मे वाचक गेलेच.

नवापूरचे दुखणे वेगळे. तेथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये आहे. ‘जवळचे दुकान’ असे शोधले की शोधयंत्र राज्याची सीमा पाहत नाही, अंतर पाहते. मोबाइल दुरुस्तीसाठी ते चालून जाते. शेतकी योजनेचे केंद्र शोधणाऱ्याला मात्र दुसऱ्या राज्यातील कार्यालय दाखवले जाऊ शकते.

जिल्ह्याचे नावसुद्धा सरळ नाही. नंदुरबार, नंदूरबार, नन्दुरबार अशी लेखनरूपे चालतात. मिरचीचे ‘मिर्ची’ होते. त्यात बरेच वाचक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेही प्रत्येक जण आपापल्या उच्चाराने. गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘बर्ट’ ही भाषा समजून घेणारी प्रणाली शोधात आणली आणि नंतर ती इतर भाषांतही वापरली. त्यामुळे अशी रूपे जुळवण्यात यंत्र पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहे, हे मान्य करायला हवे. इंग्रजीत ज्या शोधाची लाखो उदाहरणे यंत्राकडे आहेत, तिथे धडगावच्या बोलीतील शोधाची मूठभरच असणार. फरक तिथे पडतो.

पडद्यावर दिसणारी मराठी यंत्राला का दिसत नाही?

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर खास फॉण्टमध्ये टाइप होत असे. डोळ्यांना ‘नंदुरबार’ दिसे. यंत्रापुढे मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असे. त्या काळातील परिपत्रके, याद्या, स्थानिक साप्ताहिकांचे अंक आजही तसेच पडून आहेत. कोणी ते स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवले असतील तर ती केवळ चित्रे. चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र आता आहे, पण तिरका स्कॅन आणि वर गोल शिक्का असला की तेही अडखळते.

युनिकोड आल्यावरही सगळे सुरळीत झाले असे नाही. ‘ॲप’ हा शब्दच घ्या. यातील पहिले अक्षर दोन प्रकारे टाइप करता येते : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ लिहून त्यावर चंद्र जोडून. दिसायला सारखेच, यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या अक्षरमाला. ‘ऱ्य’चेही तसेच. मित्राने स्वतःच्याच संकेतस्थळावरील शोधपेटीत ‘ॲडमिशन’ शोधले तेव्हा अर्धीच पाने आली. कळफलक बदलला होता, हे त्याला दोन दिवसांनी उमगले.

आणखी एक बारीक अडचण पत्त्याची. वेबपत्त्यात देवनागरी लिहिता येते; ब्राउझर ती सुंदर दाखवतोही. पण तो दुवा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक साखळी दिसते. कारण देवनागरीतील प्रत्येक घटक संगणकात तीन बाइट घेतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला तीन चिन्हे लागतात. ‘नंदुरबार’ या शब्दात मात्रा-अनुस्वार धरून आठ घटक आहेत. आठ गुणिले नऊ, म्हणजे एका शब्दाला ७२ चिन्हे! असा दुवा पाहून गावाकडचा माणूस काय म्हणतो? ‘‘व्हायरस शे, उघडू नको.’’

‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये आले. त्याला दशकाहून अधिक काळ लोटला. माझ्या मित्राने पत्ता शेवटी रोमनमध्येच ठेवला.

रोज रात्री तो नेमके काय पाहतो?

गूगल सर्च कन्सोल. हे साधन फुकट आहे. पूर्वी त्याचे नावच ‘वेबमास्टर टूल्स’ होते, २०१५ मध्ये बदलले. कोणत्या शोधासाठी आपले पान दिसले, कितव्या क्रमांकावर होते, किती जणांनी उघडले, हे त्यात कळते. आकडेवारी मागच्या १६ महिन्यांची मिळते, म्हणजे मिरचीचा गेला हंगाम आणि यंदाचा यांची तुलना करता येते. साधन उपयोगी आहे यात शंका नाही. पण ते मोठ्या संकेतस्थळांना जितके बोलते तितके छोट्यांना बोलत नाही. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेच्या कारणाने यादीतून वगळले जातात. कारण रास्त आहे. परिणाम मात्र असा, की जिथे बहुतेक शोध थोड्याच लोकांचे, तिथे यादीचा मोठा भाग रिकामा.

सशुल्क साधनांचा अनुभव याहून वाईट. महिन्याला काही हजार रुपये घेणाऱ्या एका साधनात आम्ही ‘जात पडताळणी नंदुरबार’ टाकले. उत्तर आले : मासिक शोध शून्य. जिल्ह्यात दर जून-जुलैत प्रवेशासाठी धावपळ करणारी मुले त्या शून्यात गेली. या साधनांचे आकडे अंदाज असतात, आणि मराठीच्या बाबतीत तो अंदाज बांधायलाच त्यांच्याकडे पुरेसा मालमसाला नसतो. शून्य दिसले म्हणून कोणी ते पान लिहितच नाही, आणि पान नाही म्हणून शोधणाऱ्याला काही मिळत नाही.

सर्वांत छळणारी ओळ वेगळीच आहे. सर्च कन्सोलमध्ये पानापुढे ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असे येते. म्हणजे वाचले, पण सध्या सूचीत घेतले नाही. का, ते सांगत नाहीत. पुन्हा विनंती करता येते, तिलाही रोजची मर्यादा. धडगाव एसटीच्या वेळांचे पान या ओळीत आठवडाभर अडकले होते. ‘‘एमपीएससीचा निकाल बरा,’’ मित्र म्हणाला, ‘‘नापास झालो तर निदान मार्क तरी कळतात.’’

वेगाचा हिशेबही आहे. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, स्पर्श केल्यावर ०.२ सेकंदात प्रतिसाद यावा आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये, असे गूगलचे तीन निकष ‘कोअर वेब व्हायटल्स’ नावाने ओळखले जातात. यातला प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ मध्ये बदललेला आहे. अभियंता म्हणून मला हे निकष आवडतात. पण ही मोजणी खऱ्या वाचकांच्या क्रोम ब्राउझरवरून होते. ज्याचे वाचक पुण्यात वायफायवर बसलेले, त्याचे गुण चांगले. ज्याचे वाचक तोरणमाळच्या घाटात एका काडीच्या नेटवर्कवर, त्याच पानाचे गुण पडणार. गूगल म्हणते की वेगापेक्षा मजकुराची समर्पकता महत्त्वाची आणि तसे ते असेलही. तरी मित्राने फोटो छोटे केले, सरकत्या जाहिराती काढल्या. उत्पन्न घटले, पान मात्र धडगावात उघडू लागले.

‘पहिल्या पानाची हमी’ कितपत खरी?

तळोद्यात माझ्या मामांचे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक फोन आला : ‘सर, तीन महीने में फर्स्ट पेज, गॅरंटी.’ मामांनी पैसे भरले. तीन महिन्यांनी त्यांनी मला विचारले, ‘‘काय रे, आपलं दुकान गूगलवर कोठे शे?’’

मी तपासले. त्या मंडळींनी दोन कामे केली होती. पानाच्या कोडमध्ये शंभरेक शब्दांची यादी कोंबली होती. या ‘मेटा कीवर्ड’ खुणेचा क्रमवारीसाठी वापर करत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. दुसरे म्हणजे, परदेशातील जुगार आणि औषधांच्या संकेतस्थळांवरून दुकानाकडे येणारे दुवे विकत घेतले होते. एखाद्या पानाकडे किती आणि कोणाचे दुवे येतात यावरून त्याचे वजन ठरवायचे, ही गूगलच्या संस्थापकांची १९९८ची मूळ कल्पना. ती हेरून दुव्यांचा धंदा उभा राहिला, आणि एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ या बदलाने तो मोडायला सुरुवात केली. आज असे दुवे बहुधा दुर्लक्षिले जातात. प्रकार फारच उघड असेल तर दंडही होतो.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावर लिहिलेले आहे. मामांच्या दुकानाला शेवटी उपयोग झाला तो एका फुकटच्या गोष्टीचा. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये योग्य पत्ता, उघडण्याच्या वेळा आणि दुकानाचे चार खरे फोटो टाकले. पत्त्यात आधी ‘तळोजा’ पडले होते.

धोका नेमका कोणाला?

वेबमास्तरचा क्रमांक खाली गेला तर त्याचे चार पैसे जातात. वाचकाचे नुकसान त्याहून मोठे असू शकते. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. आज याच जिल्ह्यात आधार दुरुस्ती, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, घरकुल यांसाठी लोक आधी मोबाइलवर शोध घेतात. ‘ऑनलाइन अर्ज येथे करा’ असे लिहून भलतीकडे नेणारी पाने नेमकी अशाच शोधांवर टपलेली असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांबाबत इशारे द्यावे लागले. दरमहा १५०० रुपयांसाठी धडपडणाऱ्या बाईने शोधात वर दिसलेला दुवा उघडला, यात तिची चूक ती काय?

ही पाने वर येतात कारण त्यांच्यामागे एसईओ जाणणारे लोक असतात आणि सरकारी पानांमागे बहुधा नसतात. सरकारी पानाचा मथळा ‘मुख्यपृष्ठ’ असतो. लोक शोधतात ‘लाडकी बहीण केवायसी कशी करायची’. योजनेचे पान त्या भाषेत लिहिलेलेच नसते, ती जागा कोणी तरी भरतो.

वाचकाने पत्ता पाहावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का? हे डोमेन सरकारी यंत्रणांनाच मिळते. नावाच्या मध्येच कुठे ‘जीओव्ही’ घुसवलेले असेल तर ते सरकारी नव्हे. ‘प्रायोजित’ लिहिलेला दुवा म्हणजे जाहिरात, तो वर आहे कारण पैसे भरलेले आहेत. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधातून घेऊ नये. पासबुकावर, कार्डामागे किंवा बिलावर असतो तो घ्यावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

एआय उत्तर आले, आता पान कोण उघडणार?

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधात सर्वांत वर ‘एआय ओव्हरव्ह्यू’ दिसू लागले, इंग्रजीसोबत हिंदीतही. जुलै २०२५ मध्ये ‘एआय मोड’ भारतात सर्वांसाठी खुला झाला. उत्तर तेथेच मिळते, दुवे शेजारी छोट्या अक्षरांत. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, एआय सारांश दिसला त्या शोधांपैकी ८ टक्के वेळाच लोकांनी खालचा एखादा दुवा उघडला; सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के. गूगलला या अभ्यासाची पद्धत मान्य नाही. शिवाय तो अमेरिकेतला आहे, हेही लक्षात ठेवावे.

याआधी मार्च २०२४ मध्ये गूगलने ढिगाने तयार केलेल्या निकस पानांविरुद्ध नियम कडक केले आणि तसा मजकूर शोधात ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे नंतर सांगितले. मिरचीभावाच्या साचेबंद पानांकडे पाहून तसे वाटत नाही. मोठ्या वृत्तसमूहांची गूगलविरोधातील तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीला घेतली आहे, पण शहाद्याच्या एकट्या माणसाच्या बाजूने आयोगात कोण जाणार?

एआय उत्तरांत स्थानिक तपशिलांची चूक झाली तर ती दुरुस्त कोण करते, हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. आम्ही एका रात्री सारंगखेड्याच्या यात्रेविषयी विचारले. दत्तजयंतीला भरते हे उत्तर बरोबर आले, घोड्यांचा बाजारही आला, पण तारीख मागच्या वर्षीची. मित्राच्या पानावर यंदाची तारीख होती. ते पान सूचीत होते. उत्तरासाठी ते निवडले गेले नाही, इतकेच.

तो थांबलेला नाही. आता तो भावाच्या फळ्याचा फोटो टाकतो आणि खाली तेच आकडे टाइपही करतो, ‘मिरची’ आणि ‘मिर्ची’ अशा दोन्ही रूपांत, कोणत्या दिवशी किती वाजता पाहिले त्या नोंदीसह. पानाचा दुवा गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत स्वतः पाठवतो. त्याच्या वाचकांपैकी जवळपास निम्मे आता तिकडूनच येतात, शोधातून नाही.

परवा रात्री त्याचा संदेश आला. धडगाव एसटीचे पान अखेर सूचीत गेले होते, नवव्या दिवशी. खाली दुसरी ओळ होती : ‘‘वेळापत्रक कालच बदललं. आता परत बसतो.’’